गाठ लहान, सोंगे अनेक

१६ मार्च २०१८ रोजी अभिनेते इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचे जाहीर केले आणि हे अवघड नाव पहिल्यांदाच सामान्य माणसाच्या कानावर पडले. 'डॉक्टर, त्यांच्या मेंदूत गाठ झाली म्हणे,' असे त्या दिवसांत मला अनेकांनी विचारले. नावात 'न्यूरो' असले म्हणजे आजार मेंदूचाच असतो असे नाही, हे खुद्द इरफान यांनी त्याच निवेदनात सांगितले होते. पुढे त्यांनी लंडनमध्ये उपचार घेतले. २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर चर्चा थांबली, आजार मात्र आहे तिथेच आहे. या गाठी फुप्फुसातही होतात, पण बहुसंख्य होतात त्या पोटात, म्हणजे जठर, आतडे, अपेंडिक्स आणि स्वादुपिंड येथे. त्यांची लक्षणे फिट, अल्सर, जुलाब, पाळी जाण्याचा त्रास अशा रोजच्या दुखण्यांसारखी दिसतात. त्यामुळे रुग्ण वर्षानुवर्षे भलतेच औषध घेत राहतो. म्हणून आज या गाठींविषयी.

गाठ कशाची?

आपल्या शरीरात थायरॉइडसारख्या ग्रंथी एका जागी असतात. पण अन्नमार्गाच्या आतल्या अस्तरात संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, तयार करणाऱ्या असंख्य पेशी विखुरलेल्या असतात. कोणी जठरातील आम्ल वाढवते, कोणी आतड्याची हालचाल ठरवते. स्वादुपिंडातील पेशी इन्सुलिन तयार करून रक्तातील साखर सांभाळतात. या पेशींत मज्जापेशींचे आणि ग्रंथीपेशींचे असे दोन्ही गुण असतात, म्हणून नावही जोडनाव आहे.

निरोगी पेशी गरजेपुरते हार्मोन सोडते आणि थांबते. तिची गाठ झाली की कधी कधी हा लगाम सुटतो. शरीराला नको असतानाही हार्मोन रक्तात येत राहते. गाठ बोराएवढी असते, पण गोंधळ सर्व शरीरात होतो. सगळ्याच गाठी हार्मोन सोडतात असे मात्र नाही. बऱ्याचशा गप्प राहतात आणि दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत किंवा स्कॅनमध्ये सापडतात.

१९०७ मध्ये म्युनिक येथील डॉ. ओबर्नडॉर्फर यांनी आतड्यातील अशा गाठींना 'कार्सिनॉइड', म्हणजे कॅन्सरसारखी, असे नाव दिले. त्या निरुपद्रवी असतात असा तेव्हा समज होता. आज आपल्याला माहीत आहे की यातील अनेक गाठी यकृतापर्यंत पसरू शकतात. मात्र त्यांची चाल बहुधा संथ असते आणि हीच डॉक्टर व रुग्ण दोघांच्याही फायद्याची गोष्ट आहे.

आपल्या जिल्ह्यात असे किती?

अमेरिकेतील नोंदींनुसार सर्व प्रकारच्या न्यूरोएंडोक्राइन गाठींचे प्रमाण १९७३ मध्ये दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १ होते. २०१२ मध्ये ते जवळपास ७ झाले. आजार खरोखर वाढला की स्कॅन आणि दुर्बिणीच्या तपासण्यांमुळे तो सापडू लागला? बराचसा भाग दुसऱ्या कारणाचा असावा असे जाणकारांचे मत आहे.

यातील इन्सुलिन सोडणारी गाठ, म्हणजे इन्सुलिनोमा, दर दहा लाख लोकांमागे वर्षाला १ ते ४ जणांना होते असे मानले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार आहे. त्या हिशेबाने वणीपासून उमरखेडपर्यंत वर्षाला तीन ते अकरा जणांना ही गाठ होत असावी. हा कागदावरचा हिशेब आहे, मोजलेली नोंद नव्हे. पण 'हे आजार शहरातल्या बड्या लोकांचे' हा समज सोडून द्यायला तो पुरेसा आहे.

फिट की साखर?

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील पंचेचाळिशीचे शेतकरी पत्नीसह माझ्याकडे आले. दोन वर्षांपासून फिट येतात म्हणून गोळ्या सुरू होत्या. मेंदूचा स्कॅन चांगला होता. गोळ्या नियमित घेऊनही झटके थांबत नव्हते. 'बाहेरचे' आहे म्हणून दोन ठिकाणी नेऊन आणणेही झाले होते. त्यांना स्वतःला झटक्यातले काही आठवत नसे. खरी हकीकत पत्नीने सांगितली : 'सायेब, यायले सकाईच असं होते. उपास असला का हमखास. बैलाचं नाव इचारलं तरी सांगता येत नाई. गोड च्या पाजला का अर्ध्या घंट्यात नीट होतेत.'

निम्मे निदान त्या बाईंनीच केले होते. मी त्यांना रात्री दवाखान्यात ठेवून घेतले. पहाटे पाचच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला आणि बोलणे तुटक झाले. ग्लुकोमीटरवर साखर ३६ आली. शिरेतून तपासणीसाठी रक्त काढून घेतले आणि लगेच शिरेतूनच ग्लुकोज दिले. काही मिनिटांत गृहस्थ आपले नाव-गाव सांगू लागले. प्रयोगशाळेतही साखर ३८ भरली. नागपूरला पाठविल्यावर स्वादुपिंडात दीड सेंटिमीटरची गाठ सापडली आणि शस्त्रक्रियेने काढली गेली. पुढे तिथल्या डॉक्टरांनी फिटच्या गोळ्याही हळूहळू बंद केल्या. आता ते श्रावण सोमवार धरतात.

अमेरिकन शल्यचिकित्सक ॲलन व्हिपल यांनी १९३० च्या दशकात घालून दिलेली कसोटी आजही आम्ही वापरतो. तिच्या खुणा तीन. पहिली, उपाशीपोटी किंवा श्रमानंतर घाम, थरथर, भ्रम, विचित्र वागणे किंवा झटका. दुसरी, त्याच वेळी रक्तातील साखर कमी. तिसरी, साखर दिल्यावर त्रास जाणे. तिन्ही जुळल्या तर पुढची तपासणी करायलाच हवी. अशा रुग्णाचे वजन अनेकदा वाढलेले असते, कारण बरे वाटते म्हणून तो सारखा काही तरी खात असतो. एकादशी, नवरात्र किंवा रमजानचे रोजे यांत त्रास वाढत असेल तर ती मोठी खूण समजावी.

पुढची तपासणी मोठ्या रुग्णालयातच होते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवतात. साखर ५५ च्या खाली गेली आणि त्रास सुरू झाला की त्याच क्षणी रक्तातील इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड मोजतात. सी-पेप्टाइड कशासाठी? शरीर स्वतः इन्सुलिन बनवते तेव्हा त्याच्या जोडीला सी-पेप्टाइड तयार होते. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसते. म्हणजे इन्सुलिन घरचे की बाहेरचे, हे त्यावरून कळते. मधुमेहाच्या काही गोळ्या मात्र हुबेहूब गाठीसारखेच चित्र उभे करतात. आजोबांची शुगरची गोळी चुकून दुसऱ्याच्या पोटात जाणे आपल्या घरांत अशक्य नाही, म्हणून तेही तपासावे लागते.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. साखर उतरण्याचे सर्वांत नेहमीचे कारण गाठ नव्हे, तर मधुमेहाची औषधे आणि चुकलेले जेवण हे आहे. उपाशीपोटी दारू घेणे, यकृत व मूत्रपिंडाचे आजार हीही कारणे आहेत. घाम आला म्हणून घाबरून जाऊ नये.

इन्सुलिनोमा दहातील नऊ वेळा साधा असतो, म्हणजे पसरणारा नसतो. तो बहुधा एकच आणि दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असतो. शस्त्रक्रियेने तो कायमचा बरा होऊ शकतो. १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध ज्या टोरांटो शहरात लागला, तिथेच १९२९ मध्ये डॉ. रॉस्को ग्रॅहम यांनी अशी गाठ काढून पहिल्यांदा रुग्ण बरा केला. इतका बरा होणारा आजार फिट किंवा करणी म्हणून अंगावर काढला जातो, याचेच वाईट वाटते. साखर वारंवार खूप उतरत राहिली तर मेंदूला कायमची इजा होते.

कोरडी लाली आणि जुलाब

लहान आतड्यातील काही गाठी सिरोटोनिन आणि तत्सम द्रव्ये सोडतात. ती आतड्यातून प्रथम यकृतात जातात आणि यकृत त्यांना निकामी करते. त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही. गाठ यकृतात पसरली की हा पहारा उठतो. मग चेहरा व छाती अचानक गरम होऊन लाल होणे, पातळ जुलाब, कधी दम लागल्यासारखी घरघर असा त्रास सुरू होतो. याला कार्सिनॉइड सिंड्रोम म्हणतात.

पन्नाशीच्या बाईला असे झाले तर पाळी जाण्याचा त्रास म्हणून सोडून दिले जाते, आणि बहुतेक वेळा तो तोच असतो. पण पाळीच्या त्रासात घाम सुटतो, या आजारातील लाली सहसा कोरडी असते. आपल्या सावळ्या वर्णावर लाली चटकन दिसतही नाही, म्हणून 'तोंडावर आग येते का?' असे विचारावे लागते. जोडीला जुलाब असतील, किंवा पुरुषाला असा त्रास असेल, तर तपासणी करावी.

या गाठी सिरोटोनिन बनवण्यासाठी अन्नातील ट्रिप्टोफॅन हे द्रव्य फस्त करतात. त्याच द्रव्यापासून शरीर नायसिन हे जीवनसत्त्वही बनवते. ते कमी पडले की उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलते. हा पेलाग्रा आजार पूर्वी ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या दख्खनच्या गरिबांत दिसे. हैदराबादचे डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा ज्वारीतील ल्युसिनशी संबंध दाखविला होता. आज खाऊनपिऊन असलेल्या माणसात, दारूचे व्यसन नसताना, तशी कातडी आणि जुलाब दिसले तर डॉक्टरांनी या गाठीचाही विचार करावा. हे सिरोटोनिन पुढे हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपांना जाड करते, म्हणून अशा रुग्णाचा इको करणेही आवश्यक असते.

बरा न होणारा अल्सर

१९५५ मध्ये अमेरिकेतील झोलिंजर आणि एलिसन या दोन डॉक्टरांनी दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. ऑपरेशन करूनही त्यांचे अल्सर पुन्हा पुन्हा होत होते. मूळ होते स्वादुपिंडातील गाठीत. गॅस्ट्रिन सोडणारी अशी गाठ जठराला रात्रंदिवस आम्ल तयार करायला लावते. ती स्वादुपिंडाप्रमाणेच आतड्याच्या सुरुवातीच्या भागातही होते.

आपल्याकडे पोटात आग झाली की माणूस मेडिकलमधून 'गॅसची गोळी' आणतो. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या उत्तम गोळ्या आहेत. पण त्या या गाठीवर पांघरूण घालतात आणि शिवाय रक्तातील गॅस्ट्रिन व क्रोमोग्रॅनिन-ए या तपासण्यांचे आकडे खोटेच वाढवतात. तेव्हा कोणती गोळी किती दिवसांपासून चालू आहे हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. मात्र ती मनाने एकदम बंदही करू नये. खरोखर गाठ असेल तर अल्सर फुटण्याचा धोका असतो.

शंका कधी घ्यावी? अल्सर एकापेक्षा जास्त असतील, औषधांनंतर परत येत असतील, जोडीला जुलाब असतील, वेदनाशामक गोळ्या किंवा हेलिकोबॅक्टर जंतू हे नेहमीचे कारण सापडत नसेल तेव्हा. मुतखडा आपल्या भागात घरोघरी आहे, त्याचे नवल नाही. पण अल्सर, वारंवार मुतखडा आणि रक्तात वाढलेले कॅल्शियम एकाच माणसात किंवा एकाच कुटुंबात दिसले तर मेन-१ हा आनुवंशिक आजार असू शकतो. अशा वेळी भावंडांची व मुलांचीही तपासणी करतात.

आणखी दोन प्रकार थोडक्यात. एकात पाण्यासारखे जुलाब दिवसाला कित्येक लिटर होतात, उपाशी राहिले तरी थांबत नाहीत आणि पोटॅशियम घसरून हातपाय गळतात. व्हर्नर आणि मॉरिसन यांनी १९५८ मध्ये याचे वर्णन केले. दुसऱ्यात नव्याने मधुमेह, झपाट्याने घटणारे वजन आणि जांघेत व पायांवर सरकत जाणारे, सोलणारे चट्टे दिसतात. दोन्ही फार विरळ आहेत.

निदान कसे होते?

हार्मोनची तपासणी, गाठीचा शोध आणि बायोप्सी अशा तीन पायऱ्या आहेत. कार्सिनॉइडसाठी २४ तासांच्या लघवीत ५-एचआयएए मोजतात. त्याआधी तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, वांगी आणि अक्रोड बंद ठेवावे लागतात, नाहीतर आकडा खोटा वाढतो. वांग्याच्या भाजीवर प्रेम करणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे मुद्दाम सांगितले पाहिजे!

गाठ शोधण्यासाठी सीटी स्कॅन, एमआरआय आणि दुर्बिणीतून केलेली सोनोग्राफी वापरतात. या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनची 'कुलुपे' भरपूर असतात. त्या कुलुपात बसणाऱ्या किल्लीला गॅलियम-६८ हा किरणोत्सारी अणू जोडून पेट स्कॅन केला की गाठ कुठे कुठे आहे ते दिव्यासारखे दिसते.

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'ग्रेड' आणि 'केआय-६७' हे शब्द शोधा. पेशी किती वेगाने वाढत आहेत ते त्यावरून कळते. ३ टक्क्यांखाली ग्रेड १, २० टक्क्यांपर्यंत ग्रेड २, त्यापुढे ग्रेड ३. उपचार यावर ठरतात. रिपोर्टमध्ये हा आकडा नसेल तर मागून घ्या.

'स्वादुपिंडाचा कॅन्सर' हे शब्द ऐकले की आपल्याकडे लोक आशा सोडून रुग्णाला घरी नेतात. पण स्वादुपिंडाचा नेहमीचा कॅन्सर आणि ही गाठ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. संगणक क्षेत्रातील स्टीव्ह जॉब्स यांना हीच गाठ होती. ती ऑक्टोबर २००३ मध्ये सापडली. शस्त्रक्रियेला त्यांनी नऊ महिने लावले आणि ती जुलै २००४ मध्ये झाली. पुढे आजार यकृतात पोचला. तरीही ते २०११ पर्यंत जगले आणि कामही करत राहिले. त्या नऊ महिन्यांनी नेमके काय बदलले हे कोणी ठामपणे सांगू शकत नाही. पण बायोप्सीचे उत्तर हाती येण्याआधी कोणालाही 'आता काही उरले नाही' म्हणून घरी नेऊ नये, एवढे मात्र नक्की.

उपचार : तुर्भ्याची अणुभट्टी, परळचा दवाखाना

गाठ एका जागी असेल तर शस्त्रक्रिया हाच पहिला उपाय. अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर तपासणीत एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ निघाली तर बहुधा तेवढ्याच ऑपरेशनने काम भागते. पण त्यासाठी काढलेला अपेंडिक्स बायोप्सीला पाठवलेला असला पाहिजे. हा थोडा खर्च वाचवू नका.

गाठ पसरली असेल तर ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचे महिन्याला एक इंजेक्शन देतात. तीच 'किल्ली' इथे औषध म्हणून काम करते. जुलाब आणि लाली आटोक्यात येतात आणि गाठीची वाढही मंदावते. औषध स्वस्त नाही, हे खरे. अशा रुग्णाचे कोणतेही ऑपरेशन असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजार आधी सांगावा. भुलेत एकाएकी रक्तदाब कोसळू शकतो. तयारी असेल तर तो धोका टाळता येतो.

त्यापुढचा उपाय आपल्या महाराष्ट्रातच तयार होतो. त्याच किल्लीला ल्युटेशियम-१७७ हा अणू जोडतात. तो थेट गाठीच्या पेशीत शिरून जवळच्या जवळ मारा करतो. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत हे ल्युटेशियम बनवले जाते. त्याच केंद्राच्या परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, टाटा रुग्णालयाच्या शेजारी, ही उपचारपद्धती अनेक वर्षांपासून दिली जाते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात लहान आतडे व आसपासच्या पसरलेल्या गाठींचे २२९ रुग्ण होते. वीस महिन्यांनंतर आजार न वाढलेल्यांचे प्रमाण ल्युटेशियमच्या गटात ६५ टक्के, तर फक्त इंजेक्शनच्या जादा मात्रेच्या गटात ११ टक्के असल्याचा अंदाज निघाला. हा कायमचा इलाज नसला तरी मोठा दिलासा आहे.

तर काय करावे?

१. त्रास होत असतानाच तपासा. घरात ग्लुकोमीटर असेल तर झटक्याच्या वेळी साखर पाहून आकडा व वेळ लिहून ठेवा. आकडा कमी आला तर प्रयोगशाळेतून खात्री करून घ्या. बरे वाटत असताना केलेल्या दहा तपासण्यांपेक्षा झटक्यातली एक तपासणी मोलाची.

२. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तरच साखरेचे पाणी पाजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जाते. लगेच दवाखाना गाठा.

३. महिन्याभराची वही ठेवा : त्रास कधी झाला, शेवटचे खाणे कधी, काय दिल्यावर बरे वाटले. आणि डॉक्टरांकडे जाताना झटका प्रत्यक्ष पाहणाऱ्या माणसाला बरोबर न्या.

४. चालू असलेली सर्व औषधे, जडीबुटीसह, डॉक्टरांना दाखवा. फिटची किंवा गॅसची गोळी स्वतःहून बंद करू नका.

५. सुरुवात जवळून करा. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचे मेडिकल यांपैकी कुठेही पहिली पायरी होऊ शकते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नेमके काय बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारा. मुंबईला जायची वेळ आली तर धामणगावला गाडी धरण्यापूर्वी बायोप्सीचा रिपोर्ट, तिची काच व मेणाचा ठोकळा आणि स्कॅनच्या फिल्म सोबत घ्या. नाहीतर तिथे सगळे पहिल्यापासून करावे लागते आणि हातचे पंधरा दिवस जातात.

या लेखातील लक्षणे वाचून प्रत्येकाने स्वतःला हा आजार आहे असे समजू नये. शंभरातील नव्याण्णव अल्सर साधे, नव्याण्णव जुलाब साधेच असतात. पण नियमित औषध घेऊनही तेच दुखणे तिसऱ्यांदा, चौथ्यांदा त्याच वेळी, त्याच प्रकारे येत असेल, तर औषध बदलण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : 'साहेब, हे पुन्हा पुन्हा का होते?'